पितृलिपी

तंजावरकडच्या मेलकावेरीतल्या त्या गल्लीत सकाळचे ऊन घाईने येत नसे. आधी ते समोरच्या कौलांवर पिठूळ होऊन थांबे, मग नारळीच्या झावळ्यांतून गाळले जाऊन ओल्या अंगणातल्या कोलमावर उतरे. तांदळाच्या पांढऱ्या रेघा पिवळसर होत आणि मुंग्या त्या पिठावर आपला दिवस सुरू करीत. मग उंबरा, मग लाल जमिनीचा हातभर पट्टा, मग दिवंगत कृष्णमूर्तींची वेताची खुर्ची. ऊन खुर्चीपर्यंत पोहोचेतो त्यांचा मुलगा रघुराम रोज तिच्याकडे पाहत बसे. आज मात्र खुर्चीत तिरुविडैमरुदूरचे चंद्रमौळी सामी बसले होते, आणि दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत माणसे उभी होती.

"सामी, आज काय म्हणतात हे?" कृष्णमूर्तींच्या पत्नी विजयलक्ष्मी यांनी हात जोडून विचारले.

कृष्णमूर्तींनी चाळीस वर्षे भजनाची धुरा वाहिली आणि शेवटी आपले अभंग घरच्या संगणकात ध्वनिमुद्रित करून ठेवले. नऊ दिवसांपूर्वी सामी आले, संगणकाला विभूती लावली आणि दार लोटून त्याच्यासमोर पाच मिनिटे जप केला. तेव्हापासून कोणतेही ध्वनिमुद्रण उघडले की आवाज येईना. पांढऱ्या पानावर चौकोन, मोडकी अक्षरे आणि विचित्र खुणा उमटत. "ही पितृलिपी," सामी म्हणाले, आणि लोकांना ते पटले. तिथल्या प्रत्येक मराठी घरात मोडी कागदांची एक पेटी होती. तीन पिढ्यांत ते कोणाला वाचता आले नव्हते, पण सरस्वतीपूजेला त्यांवर हळदकुंकू वाहिले जाई. वाचता येत नाही ते पूर्वजांचे, ही समजूत हाडीमांसी रुजली होती.

पहिल्या दिवशी लिपीने म्हटले होते, "रघूवर माझा राग उरलेला नाही." बापलेक अखेरची दोन वर्षे एकमेकांशी बोलले नव्हते. रघुराम त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून रडला. पुढे लिपीच्या मागण्या वाढत गेल्या.

"हा चौकोन म्हणजे घर," सामींचे बोट पडद्यावर फिरले. "त्याला शेपूट, म्हणजे दान. घराचा मठ करा म्हणतात. शुक्रवारी नोंदणी."

"कचेरीची वेळही लिहिली असेल," शेजारचे शामसुंदरमामा पुटपुटले.

"दहानंतर," सामी शांतपणे म्हणाले.

"आणि तू राहशील कोठे, अम्मा?" रघुरामने विचारले.

"मठात एक खोली देतील, कण्णा. त्यांची इच्छा मोडू कशी?"

रघुराम उठला. चार माणसांत त्याचा आवाज कधी फुटला नव्हता. "सामी, एवढे एक वाचावे," म्हणत त्याने एक फाईल उघडली. पुन्हा तशाच खुणा.

सामींनी डोळे मिटले. "फार करुण. तहान लागली आहे म्हणतात. मुलाने आडकाठी करू नये म्हणतात."

"हे आप्पांचेच?"

"अक्षराचे वळणच सांगते."

रघुरामने माउसची उजवी कळ दाबली आणि यादीतून गाणी वाजवणारा प्रोग्रॅम निवडला. संगणकातून कोंबडा आरवला. तीनदा.

"हा माझ्या फोनमधला गजर. आज सकाळी यात उतरवला."

"तहान लागली असेल बिचाऱ्याला," मामा म्हणाले, आणि गल्ली हसली.

"कोणत्या प्रकारची फाईल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची, हे संगणकाला सांगून ठेवता येते," रघुराम बोलत राहिला. "गाणे लिखाण वाचणाऱ्या प्रोग्रॅमकडे दिले, की तो आवाजाचे आकडे अक्षरे समजून छापतो. सहाणेवर भाजी चिरावी तसे. 'नेहमी यानेच उघड' अशी खूण केली की झाले. जपाची पाच मिनिटे त्याला पुष्कळ."

"नास्तिकाच्या हाताने लिपी रुसते," सामी म्हणाले.

"रुसत नाही. तीच खूण पुन्हा करतो, कोंबडा पुन्हा पितर होईल."

आणि झालाही. मग त्याने माउस मामांच्या हाती दिला. मामांनी चाचपडत यादी उघडली, प्रोग्रॅम बदलला, आणि त्यांच्या हातूनही कोंबडा आरवला. सामींनी उपरणे सावरले. गर्दीने त्यांना वाट दिली, नमस्कार कोणी केला नाही.

"वाचता येत नाही म्हणून काही पवित्र होत नाही, अम्मा. वाचून दाखवणाऱ्याला विचारावे, शिकलात कोठे आणि आम्हाला शिकवाल का? खरी विद्या शिकवता येते. पेटीतली मोडीदेखील शिकली की वाचता येते. त्यात कदाचित भाताच्या मापांपलीकडे काही नसेल. पण जे असेल ते खरे असेल."

त्याने आप्पांचा अभंग लावला. आधी खोकला, मग टाळ, मग तो भरदार आवाज. अम्मांनी शेवटपर्यंत ऐकले. त्यात रघूचे नाव कोठेही नव्हते.

"म्हणजे तुझ्यावर राग नाही म्हणाले, तेही सामींचेच?"

"तेही."

"आणि तुला हे कळले कधी?"

सगळे त्याच्याकडे कौतुकाने पाहत होते. तंजावरच्या एका कचेरीत संगणक सांभाळण्याचीच त्याची नोकरी होती. 'आज' हा शब्द ओठांवर तयार होता, आणि कोणी शंकाही घेतली नसती.

"पहिल्याच दिवशी, अम्मा," तो म्हणाला. "पण ती ओळ मला हवी होती. म्हणून गप्प बसलो."