फुली नसलेली सावली

तिरीपच्या शक्तीमागचं पुराण कुठलं, असं विचारणारी पत्रं अजून येतात. धाकटा ती माझ्याकडे सरकवतो. माझा भाऊ चित्रांत सैन्यंच्या सैन्यं उभी करील, पण दोन ओळी लिहायच्या म्हटलं की त्याला घाम फुटतो. मग उत्तरं मी देते. होय, ती सूर्याच्या बायकोची गोष्ट आहे. संज्ञेला नवऱ्याचं तेज सोसवेना, म्हणून तिने स्वतःसारखी हुबेहूब एक सावली उभी केली, मुलं तिच्या पदरात टाकली आणि निघून गेली. आमच्या मांगाची, म्हणजे जपानी धाटणीच्या चित्रकथेची, नायिका तिरीप तेच करते. अंगावरची सावली सोलून घरी ठेवते आणि लढायला जाते. सावली नसल्यामुळे तिच्या अंगातलं ऊन दुप्पट कडक होतं, तीच तिची शक्ती. मागे घरी सावली स्वयंपाक करते, शाळेत हजेरी देते, भावंडांची नाकं पुसते, आणि कुणाला पत्ता लागत नाही. एवढं लिहिलं की वाचक खूश होतात. उरलेलं मी कुणाला लिहिलेलं नाही.

ही गोष्ट आम्हाला मावशीने सांगितली होती. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते, धाकटा तीन. "आठ दिवसांत येते," म्हणाली होती. ते आठ दिवस काढायला तिची बहीण एका पिशवीनिशी आली आणि एकतीस वर्षं राहिली. मावशी कपड्यांच्या कारखान्यात शर्टांची काजं करायची. घरी आली तरी बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असत. तापट बाई. मी तिच्यावरच गेले आहे. "त्या छायेने यमालासुद्धा शाप दिला होता, ठाऊक आहे ना? मुकाट्याने ताट संपव," असा दम भरायची.

मी सोळा वर्षांची असताना आई एकदा परत आली. त्या दिवशी मावशी स्वयंपाकघरात निजली आणि सकाळी तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. "जाऊ नकोस" असं तिला कुणी म्हटलं नाही. मीही नाही. तिसऱ्या दिवशी आईच निघून गेली. मावशीने पिशवी रिकामी केली आणि दूध तापायला ठेवलं. त्यावर आमच्या घरात पुढे कधी एक शब्द निघाला नाही.

पुराणात संज्ञा परत येते आणि सगळं गोड होतं. छायेचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही. मावशी विचारायची. आमची मांगा अकरा वर्षं एका मासिकात चालली, आणि दर महिन्याला अंक वाचून झाला की तिचा एकच प्रश्न असे, "पण सावलीचं शेवटी काय करणार रे?" धाकटा म्हणायचा, "बघू."

आमचं काम वाटून घेतलेलं आहे. धाकटा फिक्या निळ्या पेन्सिलीने कच्चं काढतो; ते निळं छपाईत उमटत नाही. मग तो रेघा शाईने ओढतो आणि जिथे ठार काळं हवं तिथे बारीकशी फुली मारतो. फुली दिसली की तो भाग मी कुंचल्याने भरायचा. पहिल्या वर्षानंतर त्याने सावलीवर फुली मारणं सोडून दिलं. सावली म्हणजे काळी, त्यात सांगायचं काय? तेव्हापासून मी ती डोळे मिटून भरत आले.

शेवटच्या भागाची पानं चालू होती तेव्हा मावशीला इस्पितळात ठेवावं लागलं. यकृत गेलं होतं. "चार-पाच दिवस धरा," असं डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मावशीला ते न सांगताच कळलं असावं, कारण तिने प्रश्न बदलला.

"मला बघायला मिळेल ना गं ते पान?"

घरी येऊन मी धाकट्याला धारेवर धरलं. तो नेहमीसारखा "बघू" म्हणाला आणि माझं डोकं फिरलं.

"काय बघू? तिरीप परत येणार आणि सावली तिच्या पायाशी विरघळणार, हेच ना? ज्या बाईने तुझं ढुंगण धुतलं तिला शेवटी पायाशी घालणार तू?"

"ताई, पान होऊ दे," तो म्हणाला. "मी संपादकीणबाईंकडे जाऊन येतो. एक दिवस वाढवून मागतो." आणि चपला घालून गेला.

पान टेबलावर होतं. तिरीप घराच्या पायरीवर, पाठमोरी. दारात सावली, आपल्याकडे तोंड करून, पूर्ण उंचीची. मी रागात होते. म्हटलं, तुझं ठरलंच आहे ना, मग कशाला एक दिवस हवा? मावशीला आज दाखवते. सावलीत निळ्या रेघा दिसल्या मला, नाही असं नाही. पण निळ्या रेघा सगळीकडेच असतात, शाईखाली जातात. फुली आहे का, हे मी पाहिलं नाही. वीस मिनिटांत भरून टाकली, केस वाळवायच्या यंत्राने सुकवली आणि चारच्या भेटीच्या वेळेला इस्पितळात पोचले.

मावशीने चष्मा मागितला. मी पान तिच्यासमोर धरलं. तिने बराच वेळ पाहिलं.

"काळीच?" तिने विचारलं.

"मी सांगून थकले, मावशी. त्याचं आपलं ठरलेलं. त्याला नाही कळत काही."

शाईला हात लागणार नाही असं बोट तिने सावलीच्या कडेकडेने फिरवलं. "बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "सावलीला कशाला हवंय तोंड?" मग मला चष्मा काढून घ्यायला सांगितला आणि कुशीवर वळली.

मी घरी आले तर धाकटा टेबलाखाली वाकून पान शोधत होता. मी ते त्याच्या हातात दिलं. त्याने ते दिव्याखाली धरलं.

"फुली नव्हती, ताई."

"म्हणजे? सावलीवर तू मारतोस कुठे?"

"चेहरा होता तिथे. मावशीचा. तो शाईत करायलाच एक दिवस मागून आणला." त्याचा आवाज चढलासुद्धा नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "हनुवटीचा वण, ती तुटकी भुवई, सगळं होतं. तुला आधी सांगितलं असतं, पण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तिने तो एकदम पानावरच बघावा असं वाटत होतं."

तो थेट टेबलाशी बसला. पांढऱ्या रंगाची बाटली उघडली, सावलीचं तोंड पांढरं करून घेतलं आणि त्यावर मावशी पुन्हा काढली. तास लागला. ती मावशीच होती, तंतोतंत, दम भरायच्या बेतात असलेली.

भेटीची वेळ संपली होती, तरी नर्सने आम्हाला आत सोडलं. मावशीला ग्लानी आली होती. हाका मारल्या, पायाचे तळवे चोळले, डोळे उघडले नाहीत. धाकट्याने पान तिच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर धरलं आणि बराच वेळ खाली घेतलं नाही. नर्स मला म्हणाली, "बोला त्यांच्याशी. कान शेवटपर्यंत ऐकतात म्हणतात."

मी वाकले. सांगायचं एकच होतं: त्याने काढला होता, मी बुजवला, आणि वर तुला खोटं सांगितलं. पण धाकटा शेजारीच उभा होता. त्याच्या नावावर मी काय खपवलं, ते त्याला कळलं असतं. मी म्हटलं, "मावशी, बघ गं, किती छान काढलंय." दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

त्यानंतर इस्पितळाचा जिना उतरताना धाकट्याने विचारलं, "काळं पान बघून काही म्हणाली का?"

"नाही रे," मी म्हटलं. "झोपेतच होती. तिने ते पाहिलंच नाही."

"मग बरं," तो म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं.

शेवटच्या पानावर सर्वांत जास्त पत्रं आली. छायेला अखेर स्वतःचा चेहरा मिळाला, असं एका प्राध्यापकांनी चार पानं भरून लिहिलं. मी त्यांचे आभार मानले. त्या पानावरचा चेहरा हजारो लोकांनी पाहिला. ज्या पोराला तिने तीन वर्षांचा असल्यापासून वाढवलं त्याच्या लेखी आपण नुसती सावली होतो, असं समजून मावशी गेली. तिला तसं मी सांगितलं, आणि ते खोटं होतं हे सांगायला माझ्याकडे एक अख्खी संध्याकाळ होती.