एकशे अठरा कमिट आणि अर्धा तास

ताई या ऑफिसात आल्या तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि टीममधले बाकीचे पाचजण त्यांच्या लेकीच्या वयाचे. एकवीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. छापखाना बंद पडला, तशा त्या हट्टानं वेबसाइटचं काम शिकल्या. कामाची रीत मात्र जुनीच ठेवली. एका वेळी एकच बदल करायचा, तो गिटमध्ये, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कमिट करायचा, म्हणजे वेगळा नोंदवायचा, आणि खाली लिहायचं, काय बदललं आणि का बदललं. बाकीचे दिवसभराच्या कामाचं एकच गाठोडं बांधत आणि वर ‘किरकोळ दुरुस्त्या’ अशी चिठ्ठी लावून मोकळे होत.

“ताई, तुम्ही कमिट करता की रोजनिशी लिहिता?” टीमप्रमुख एकदा म्हणाला. सगळे खो-खो हसले, ताईही हसल्या. पण पिच्छा सोडला नाही. वर्षभरात सगळ्यांना ते वळण लागलं. थोडं पटून, बरंचसं ताईंच्या टुमण्याला कंटाळून.

एका मंगळवारी सकाळी डोळ्यांच्या इस्पितळातून फोन आला. त्यांची साइट याच टीमकडे होती. स्वागतकक्षातल्या बाई भडकलेल्या.

“अहो, तुमची साइट पेशंटना भलत्याच तारखा देतेय! ऑपरेशन सहा मेला, आणि आजोबांच्या हातातल्या पत्रावर पाच जून! आमच्या नोंदी बरोबर आहेत, पत्रंच चुकताहेत.”

टीमप्रमुखाचा चेहरा खर्रकन उतरला. तीन आठवड्यांपूर्वी पत्रं तपासली होती, तेव्हा ठीक होती. मधे एकशे अठरा कमिट झाले होते.

“तीन आठवड्यांपूर्वीची साइट परत चढवू,” तो म्हणाला. “चूक कुठंय ते नंतर बघू.”

“आणि मी गेल्याच आठवड्यात बसवलेले मोठ्या अक्षरांचे फॉर्म?” ताईंच्या शेजारी बसणारी मुलगी रडकुंडीला आली. “अधू नजरेची माणसं आत्ता कुठं ते स्वतः भरायला लागलीत.”

“मला अर्धा तास दे,” ताई टीमप्रमुखाला म्हणाल्या.

“अर्ध्या तासात एकशे अठरा कमिट वाचणार?”

“वाचते कशाला? निम्मे करत जाईन.”

त्यांनी बरोबर मधला, एकोणसाठावा कमिट, म्हणजे त्या बदलापर्यंतची साइट उघडली. फॉर्मवाल्या मुलीनं सहा मे टाकून पत्र काढलं. तारीख बरोबर आली, म्हणजे चूक पुढच्या निम्म्यात. मग त्या निम्म्याच्या मधला कमिट उघडला. तिथं चूक दिसली, म्हणजे त्याच्या पुढचं तपासायला नको. मधला कमिट गिटच काढून देत होतं. ‘बरोबर’ की ‘चूक’, एवढंच सांगायचं होतं. एकोणसाठाचे तीस झाले, तिसाचे पंधरा. सगळे मागे येऊन उभे राहिले. सातव्या तपासणीला एकच कमिट उरला.

त्यावर नाव होतं ताईंचं.

ताईंच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं.

“माझीच चूक आहे,” त्या सरळ म्हणाल्या, आणि खालची नोंद मोठ्यानं वाचली. “‘तारीख वाचणारा जुना कोड काढून नवा बसवला. कारण: जुना कोड एकोणतीस फेब्रुवारी ही जन्मतारीख स्वीकारत नव्हता.’ अरे, म्हणजे हा कमिट नुसता मागे घेऊन चालणार नाही. ती माणसं पुन्हा अडकतील.”

‘सहा-पाच’ असं लिहिलेल्या तारखेतला पहिला आकडा नवा कोड महिना समजत होता. बाराच्या पुढचा आकडा महिना होऊच शकत नाही, म्हणून तिथं तो गपगुमान दिवस धरायचा. ताईंनी तपासून पाहिली होती एकोणतीसच तारीख! दिवस आधी वाचायचा, एवढी एक ओळ त्यांनी लिहिली, सहा मे आणि एकोणतीस फेब्रुवारी दोन्हींची चाचणी कायमची जोडली आणि साइट चढवली. घड्याळात सव्वीस मिनिटं झाली होती. मोठ्या अक्षरांचे फॉर्म जागच्या जागी होते.

चुकीची पत्रं एकतीस जणांना गेली होती. इस्पितळाकडून यादी घेऊन फोन ताईंनी स्वतः केले.

“तुम्ही डॉक्टरीणबाई का?” एका आजोबांनी विचारलं.

“नाही हो आजोबा. तारीख चुकवणारी ती मीच.”

“अस्सं! मग सुधारणारीही तुम्हीच की!” म्हातारा खदखदून हसला.

दुसऱ्या दिवशी टीमप्रमुखानं तो कमिट आणि त्याची दुरुस्ती मोठ्या पडद्यावर लावली. नव्या लोकांना शिकवताना हेच उदाहरण द्यायचं त्यानं ठरवलं होतं. “ताई, तुमचं नाव झाकतो,” तो हळूच म्हणाला.

“का म्हणून? चूक मी केली, तशी शोधूनही मीच काढली ना? राहू दे नाव.”

त्यानं नाव तसंच राहू दिलं. मग म्हणाला, “ताई, ते निम्मे करत जाणं मला नीट शिकवाल? मी नुसतं ऐकून होतो, कधी करून बघितलं नव्हतं.”

“ये, बस,” ताई म्हणाल्या आणि शेजारची खुर्ची ओढली. आपल्या कामाचा त्यांना एवढा अभिमान याआधी कधी वाटला नव्हता.