बारा नंबरची ओळ

शालिग्राम नेहेते पिकांचे डॉक्टर होते, आणि एवढी साधी गोष्ट त्यांना उभ्या धुळे जिल्ह्यात कुणालाही पटवता आली नव्हती. एसटीत शेजारच्याने ‘डॉक्टर’ ऐकलं की तो बाही वर करून खरूज दाखवायचा. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हमखास जीभ बाहेर काढायचं. नेहेते मूळचे असोद्याचे, केळी-कापसाच्या घरातले. घरच्यांनाही इतक्या वर्षांत एवढंच कळलं होतं की आपला शालिग्राम धुळ्याला गुरांच्या चाऱ्याला रोग लावतो आणि सरकार त्याला त्याचा पगार देतं.

यात खोटं काही नव्हतं. ज्वारीच्या पानांवर तांबेरा पडला की लालसर पुरळ उठतं, आणि असला चारा गुरं हुंगून बाजूला सारतात. तांबेऱ्याला दाद न देणारी चाऱ्याची ज्वारी काढायची, हे नेहेत्यांचं वेड. आठ वर्षं घासून त्यांनी एक वाण तयार केलं होतं. त्याला अजून नाव नव्हतं, नुसता नंबर होता: सात.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात वरून कागद आला. भादव्यात पुण्याहून समिती येईल आणि सात नंबर बघेल. पसंत पडला तर काम पुढे चालू, नाहीतर काम बंद आणि नेहेत्यांची बदली कोकणात. कोकणात ज्वारी कोण पेरतो? आठ वर्षं ज्या पिकाशी संसार केला, त्याचं तोंडही पुन्हा दिसणार नव्हतं. शिवाय नेहेत्यांना दोन वेळा भात खाऊन पोट भरल्यासारखं वाटत नसे, हे वेगळंच.

चाचणीसाठी त्यांनी नरडाण्याजवळच्या एका खेड्यात लोटन आबांचं वावर निवडलं होतं. आबा भला माणूस, पण सकाळी पारावर बसला की दुपारीच उठायचा. वावर खऱ्या अर्थाने बघायची ती त्यांची बायको, वच्छलाबाई. सगळे तिला अक्का म्हणत. नेहेत्यांनी बाजाररस्त्याला लागून सोळा ओळी पेरल्या, प्रत्येकीच्या तोंडाशी पत्र्याचा नंबर ठोकला, आणि पीक गुडघाभर झाल्यावर तांबेऱ्याची लाल भुकटी पाण्यात कालवून सगळ्यांवर फवारली. एक नंबरची ओळ मुद्दाम नाजूक वाणाची होती. ती तांबेऱ्याने लालभडक झाली, तरच रोग नीट पसरला असं धरायचं आणि बाकीच्यांची परीक्षा खरी मानायची.

एवढं सगळं अक्काला समजावून सांगायला अर्धा तास लागला असता. शिकलेल्या माणसाला असल्या ठिकाणी नेमका कंटाळा येतो. नेहेते फक्त म्हणाले, “अक्का, ही पहिली ओळ जिवापाड जपा. सगळं हिच्यावर आहे.” आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना हिवतापाने गाठलं. पुढचे तीन आठवडे पिकांचे डॉक्टर धुळ्यात दोन गोधड्यांखाली कुडकुडत पडले.

उठून उभे राहिले तेव्हा समिती दुसऱ्या दिवसावर आली होती. दुपारच्या गाडीने ते नरडाण्याला उतरले, तंगडतोड करत वावर गाठलं, आणि बांधावरच मटकन बसले. एक नंबरची ओळ हिरवीगार होती. खालची पानं मुळात नव्हतीच, नुसती उघडी ताटं, आणि शेंड्याला तीन-तीन पानं, तीही धुतल्यासारखी स्वच्छ.

“साहेब, उनात? बरं व्हयनं!” अक्का पदराला हात पुसत आली. तिच्या चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचा आनंद होता. “तुमनी वळले रोग लागना व्हता. मी बठ्ठा काढी टाका.”

“काढला? कसा काढला?”

“रोज सकायले येऊ, टिपका दिसना का पान तोडी टाकू. नुसती तीच नही, सोळा वळी पाह्यात. बजारले जानारा लोके हासेत. डॉक्टरनाच पीकले रोग, असं म्हनेत. मले काही सहन व्हयनं नही.”

नेहेत्यांना रडावं की हसावं कळेना. ह्या बाईने तीन आठवडे त्यांची अब्रू पानापानाने राखली होती, आणि तसं करताना तोडलेल्या पानांबरोबर त्यांची आठ वर्षं उकिरड्यावर टाकली होती. रागावणार तरी कोणत्या तोंडाने? त्यांनी आता तो अर्धा तास खर्च केला आणि सगळं सांगितलं: रोग हवाच होता, उद्या पुण्याची माणसं येतील, रोग दिसला नाही तर चाचणी रद्द आणि आपण कोकणात.

अक्काचा चेहरा पडला. लोटन आबा मात्र गडबडले नाहीत. “पुन्हा लाई दिऊत रोग.”

“आबा, रोग उठायला पंधरवडा लागतो.”

आबांनी मान हलवली आणि काहीतरी ठरवल्यासारखे ते घराकडे गेले. नेहेत्यांनी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण ते आपल्याच दुःखात होते आणि शेवटची एसटी निघायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी दहाला नेहेत्यांना घेऊन समितीची जीप आली. समितीचे अध्यक्ष डॉ. धनसिंग राऊळ, पांढऱ्याशुभ्र सफारीतले, भुवया कायम वर चढलेल्या. बरोबर दोन सदस्य होते. नेहेत्यांनी वाटेत मनाची तयारी केली होती की जे घडलं ते सरळ सांगून टाकायचं. पण वावर आलं आणि सांगायचं राहूनच गेलं. एक नंबरची ओळ लालेलाल झाली होती.

“वा!” राऊळसाहेब म्हणाले. त्यांनी एक पान चिमटीत धरून चोळलं. खऱ्या तांबेऱ्याचीही भुकटी बोटाला लागते, त्यामुळे आधी ते खूश झाले. मग त्यांनी बोट नाकाशी नेलं. मग नेहेत्यांकडे पाहिलं.

“नेहेते, हा गेरू आहे.”

आठ वर्षांत नेहेत्यांच्या वहीत एक आकडा कधी खोटा पडला नव्हता, आणि आता पुण्याच्या मोठ्या माणसाच्या बोटावर त्यांची लबाडी लाल दिसत होती. बदली परवडली, पण हे नको, असं त्यांना झालं.

“साहेबना काही दोस नही,” लोटन आबा पुढे झाले. “गेरू मी लावा. भित रंगाडाले आनेल व्हता.”

“आन् पानं मी तोडी टाकात,” अक्का म्हणाली. नवऱ्याला एकट्याला पुढे करणाऱ्यातली ती नव्हती. मग तिने पुण्याच्या तिघांना सगळी हकिगत सांगितली, बाजारच्या हसणाऱ्या लोकांसकट.

आता जीपमध्ये बसून निघून जातील, असं नेहेत्यांना वाटलं. पण राऊळसाहेब सफारीची पर्वा न करता उकिडवे बसले आणि एका उघड्या ताटाकडे बघत राहिले.

“बाई, टिपका नसलेलं पान तुम्ही कधी तोडलंत?”

“धडं पान कसाले तोडसू? पाप लागी ना!”

“आणि एखादं टिपक्याचं राहून गेलं असेल?”

अक्काला हा प्रश्न अपमानाचा वाटला. तिने फणकाऱ्याने पदर खोचला.

राऊळसाहेब उठले. भुवया पहिल्यांदाच खाली आल्या होत्या. “नेहेते, वही काढा. पानं नाहीत, पण पानं गेल्याच्या खुणा ताटावर आहेत. जितकी तुटली तितका रोग. आपण पानावरचा रोग अंदाजाने मोजतो. ह्या बाईने एकेक पान तपासलंय.”

मग पुढचा तासभर चार शिकलेली माणसं वावरात वाकून उघडी ताटं मोजत होती. एक नंबर: जवळजवळ सगळं गेलेलं. दोन, तीन, चार: निम्म्याहून जास्त. सात नंबरशी आले तेव्हा नेहेत्यांनी खुणा स्वतः मोजल्या. ताटाला दोन-तीन पानं तेवढी गेली होती, बाकी गच्च हिरवं. नेहेत्यांनी डोळे मिटून घेतले. टिकला होता त्यांचा सात नंबर.

“आणि हा बारा?” पुढून एका सदस्याची हाक आली. “इथे तर एकही पान तुटलेलं नाही.”

नेहेते धावत गेले. बारा नंबरची ताटं डोक्याइतकी उंच, खालपासून वरपर्यंत पानांनी भरलेली. राऊळसाहेबांनी सात आणि बाराची एकेक पेंढी कापायला लावली आणि अक्काच्या म्हशीपुढे ठेवली. म्हैस आधी सातकडे गेली. नेहेत्यांना तिचा मुका घ्यावासा वाटला. तिने दोन घास खाल्ले, मान वळवली, आणि बाराची पेंढी बुडख्यासकट संपवली.

“बारा कोणतं वाण आहे?” राऊळसाहेबांनी विचारलं.

वहीत बारापुढे दक्षिणेकडून आणलेल्या एका वाणाचा नंबर होता, आणि ते वाण इतकं भव्य येणं शक्य नव्हतं. नेहेत्यांनी अक्काकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

“ती मन्ही शे,” ती हळूच म्हणाली. “तुमनं बी उगनंच नही. पाव्हनानी वळमा खाडा बरा दिसस का? म्हनीसन फवारनीना पहिलेच मी घरनी जुवारी टोची दिन्ही.”

सदस्य हसले. एकाने पेन्सिल उचलली. “म्हणजे ही चाचणीतली नव्हे. बारा नंबर खोडू या. सात पहिला आला, नेहेते. अभिनंदन.”

खोडायला एक रेघ पुरली असती. सात नंबर पहिला, कोकण टळलं, आठ वर्षांचं चीज झालं, आणि कुणी खोटंही बोललेलं नाही. नेहेत्यांच्या मनात हे सगळं आलं, नाही असं नाही. मोह झालाच त्यांना. पण ज्या बाईने आपल्या ओळीत खाडा दिसू नये म्हणून घरचं बियाणं घातलं, तिच्या ओळीवर रेघ मारायला हात उचलेना.

“नका खोडू,” ते म्हणाले. “माझ्या सातपेक्षा ती चांगली आहे.”

राऊळसाहेबांनी सदस्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. मग अक्काकडे वळून, सफारीतल्या त्या माणसाने अस्सल अहिराणीत विचारलं, “अक्का, हाई बी कथाईन आनं?”

“माहेरनं शे. लगीनमा मन्ही मायनी ओटीमा टाकेल व्हतं. तवयपासून दर साल पेरस.”

“नेहेते,” राऊळसाहेब म्हणाले, “सात आणि बारा, दोन्ही ह्याच वावरात अजून तीन वर्षं पेरा. कोकणात मी दुसरं कुणीतरी पाठवतो.”

नेहेत्यांनी वहीतला दक्षिणेचा नंबर खोडला आणि तिथे ‘वच्छलाबाई’ लिहिलं. काय लिहिलं ते अक्काने विचारलं. ऐकल्यावर ती एकदम लाजली, मग गंभीर झाली.

“मनं नाव नको, साहेब. बी मन्ही मायनं शे. तिनं लिखा. भिकुबाई.”

नेहेत्यांनी ते नाव नीट, ठळक अक्षरांत लिहिलं. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी हिवतापाच्या अशक्तपणावर ढकललं.

“आते पुढला साल पानं तोडू का नको?” जीप सुरू होताना अक्काने विचारलं.

“नका तोडू, अक्का. लोक हसले तर हसू द्या.”

डिसेंबरात पुण्याहून नेहेत्यांच्या कचेरीत फोन आला. अहवाल छापायला चालला होता आणि तिथला कारकून अडला होता. सोळापैकी पंधरा ओळींपुढे वाणांचे नंबर आहेत, बारावीपुढे बाईचं नाव आहे, तेव्हा या भिकुबाई कोण आणि त्यांचा हुद्दा काय लिहायचा?

नेहेत्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, “वरिष्ठ शास्त्रज्ञ.”