एका डब्यातल्या गोळ्या

महिपतरावांना मुलीच्या कन्यादानाला बसायचं होतं आणि त्यांच्या आतड्याला ते मान्य नव्हतं. तपासण्या सगळ्या स्वच्छ आल्या होत्या. तुम्हाला काहीही झालेलं नाही, असं डॉक्टर सांगत आणि ते ऐकता ऐकताच महिपतरावांना उठून जावं लागे. आजाराचं नाव आयबीएस, म्हणजे चिडकं आतडं. नाव कळल्यावर शिंदे की छावनी या त्यांच्या मोहल्ल्यात त्यांचा मान वाढला. फेऱ्या तेवढ्याच राहिल्या.

शहरात नव्या औषधावर संशोधन सुरू झालं तेव्हा त्यांनी नाव नोंदवलं. धाकट्या सूर्याजीनेही नोंदवलं. पोट खानदानी होतं. एका घरातले दोघे चालत नव्हते, म्हणून सूर्याजीने पत्ता दाना ओलीतल्या सासुरवाडीचा दिला. कुणाच्या बाटलीत औषध आणि कुणाच्या नुसती पिठी, हे बाटल्या देणाऱ्या डॉक्टर शिखालाही ठाऊक नव्हतं. विज्ञानात याला काटेकोरपणा म्हणतात.

महिपतराव सुधारले. बाड्यावरच्या बाजारात कचोरी खाऊन सवारी टेंपोने घरी आले, मध्ये कुठेही न उतरता. सूर्याजी होता तिथेच होता, म्हणजे बहुतेक आत.

लग्न तोंडावर आलं आणि शिखाने उरलेल्या गोळ्या मोजायला दवाखान्यात मागवल्या. महिपतरावांच्या पत्नी कुसुमताईंनी स्टीलचा एकच डबा पुढे केला.

"दोनों की इसी में हैं?"

"मग? सख्खे भाऊ आहेत. वेगळे डबे केले तर लोक म्हणतील, वाटण्या झाल्या."

शिखा डब्याकडे बघतच राहिली. "मतलब, किसने क्या खाया..."

"हाती येईल ती," सूर्याजी म्हणाला. "दादा मोठा, म्हणून आधी तो."

"पण मी बरा झालोय ना?" महिपतरावांनी विचारलं.

"हाँ, अंकलजी."

"कशाने?"

"पता नहीं."

"आणि हा का नाही झाला?"

"वो भी पता नहीं."

दोघांची नावं कटली, डबा जमा झाला. घरी येताना महिपतरावांच्या पोटात गुडगुडलं. औषधाने बरा झालो असेन, तर आता औषध नाही. पिठीने झालो असेन, तर आता पिठीवर विश्वास नाही.

"लग्नात माझ्या मागे बस," ते सूर्याजीला म्हणाले. "मी उठलो की तू बैस."

"आणि मी काय, कुणाच्याही शेजारी बसू?" कुसुमताईंनी विचारलं.

"बाबा, बैठना आपको ही है," नवरी नीलमने निकाल दिला. "काकांचं काय, ते तर आपसे भी गए-गुज़रे."

लग्नात गुरुजी ऐन रंगात आले आणि महिपतरावांच्या पोटात काहीतरी सरकलं. आजार की नुसता विचार, ते कळेना. त्यांनी मागे पाहिलं. जागा रिकामी.

"तुझे काका कुठेत?"

"जहाँ होते हैं," नीलम खाली घातलेली मान न उचलता म्हणाली.

मग महिपतराव बसून राहिले. ओंजळीवर पाणी पडलं, कन्यादान झालं, कुसुमताईंनी डोळे पुसले. गुरुजींनी दोनदा सांगितलं, यजमान, आता उठायला हरकत नाही. महिपतराव उठले नाहीत. आपण बरे आहोत की नाही ते उठल्यावर कळणार होतं आणि त्यांना एवढ्यात ते कळून घ्यायचं नव्हतं.