नव्वद ग्रॅमची वाढ

"वाढलं! तीन टक्के वाढलं!" सिद्रामप्पांनी दारातूनच ओरडून सांगितलं आणि माझ्या हातावर पेढा ठेवला.

मी महानंदा, रेणापुरातली आशा कार्यकर्ती. आप्पांची नात पाच दिवसांची. जन्माचं वजन तीन हजार ग्रॅम. काल सत्तावीसशे भरलं होतं, म्हणजे दहा टक्के घट. नवं बाळ थोडं उतरतंच, पण दहाच्या पुढं गेलं की वाट बघायची न्हाई, सरळ लातूर गाठायचं. माझा झोळीचा काटा महिनाभर अडकून राहिलाय मेला, म्हणून वजन आप्पांच्या ओसरीवरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर. त्या काट्यावर आप्पांचा देवाइतका भरवसा.

"आज सत्तावीसशे नव्वद," आप्पा म्हणाले. "एका दिवसात नव्वद ग्रॅम! जन्माच्या वजनावर आता घट सातच टक्के. तुझ्या दहाच्या आत."

हिशेब बरोबर होता. पण मी बाळ उचलून नीट बघितलं. ओठ सुकलेले, टाळू खोल गेलेली. लंगोट सकाळपासून कोरडाच. पोरगी रडतही न्हवती. तिची आई वर्षाराणी भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"आप्पा, गाडी काढा. लातूरला न्यायचं हिला."

"येडी का काय तू?" आप्पांची बायको शरणम्मा पुढं आल्या. सगळी गल्ली त्यांना अव्वा म्हणते. "लेकरू वाढून राहिलंय अन् तू दवाखाना म्हणतीस? आज सकाळीच स्वामींनी लिंग बांधलंय. सांजच्याला पाहुणे जेवायला हायत."

लिंग बांधलंय! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दुपटं बाजूला केलं. बाळाच्या गळ्यात दोरा होता आणि पोटावर इष्टलिंगाची चांदीची जाडजूड डबी.

"अव्वा, वजन करताना हे गळ्यातच होतं?"

"मग? ती काय काढून ठेवायची वस्तू हाय?" अव्वांचा आवाज चढला. "आमा लिंगायतांत एकदा बांधलं की मरेस्तोवर अंगावरून उतरत न्हाई. हात लावशील तर बघ!"

मला लई राग आला, पण गिळला. भांडले असते तर अव्वांनी दार लावून घेतलं असतं, आणि पोरगी आतच राहिली असती.

"आप्पा, सुट्टं तेल देताना तुम्ही डब्याचं वजन धरता का?"

"छ्या! डबा वजा करतो. जन्मात कधी गिऱ्हाइकाला..." बोलता बोलता आप्पा थांबले.

"दोरा गळ्यातच राहू द्या," मी म्हटलं. "अव्वा, तुम्ही फक्त डबी हातावर उचलून धरा, काट्यावर भार पडू देऊ नका. मी शिवत न्हाई."

मग अव्वांनी नातीला काट्यावर निजवलं आणि डबी तळहातावर घेतली. आकडे खाली पळाले, थोडे थरथरले, थांबले.

दोन हजार सहाशे चाळीस.

"वाढलं कुठं? कालच्यापेक्षा साठ ग्रॅम कमीच," मी म्हटलं.

आप्पांचे ओठ हलत होते. "तीन हजारावर तीनशे साठ," ते म्हणाले. "बारा टक्के. अगं आई गं, बारा टक्के!" आणि अनवाणीच गाडीकडं धावले.

लातूरला पोहोचल्या पोहोचल्या पोरीला सलाईन लागलं. तासाभरानं तिनं टाहो फोडला, तशा अव्वा सोबत आलेल्या वर्षाराणीजवळ जाऊन बसल्या. "चुकलं गं माझं," त्या सुनेला म्हणाल्या.

वर्षाराणी दिवसभरात पहिल्यांदा बोलली. "चार दिवस सांगून राहिले, मला दूध येत न्हाई म्हणून. माझं कुणी ऐकलं न्हाई. काट्याचं मात्र लगेच ऐकलं."

बोलली अव्वांना, पण बघत होती माझ्याकडं. काल मीसुद्धा तिला काही विचारलं न्हवतं. सत्तावीसशे लिहिलं, "दहापर्यंत चालतंय" म्हटलं आणि पुढच्या घराला गेले.