पाय राहीबाईचा, हजेरी चांगुणाची

मंगळवार, १३ फेब्रुवारी १९७३. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पारनेर तालुक्यात, माळवस्तीच्या दुष्काळी कामावर, खाणीच्या कडेचा एक दगड सुटला. तो खाली खडी फोडत बसलेल्या राहीबाई ठुबे हिच्या डाव्या नडगीवर आला. हाड कातडी फोडून बाहेर आलं.

खडीचा ट्रक नगरकडे निघालाच होता. बायांनी लुगड्याची चिंधी करून पाय बांधला आणि तिला पाठीमागे खडीवरच झोपवलं. नवरा सहादेव शेजारी बसला. ट्रकवाल्याला वाटेवरचा मिशनचा दवाखाना माहीत होता. त्यानं तिथं गाडी उभी केली.

डॉ. यशया यांनी जखम धुतली, पाय फळीला बांधला आणि दोघांसमोर सरळ सांगितलं.

"आज कापला तर पंधरा दिवसांत घरी जाल. तेवढा खर्च दवाखाना सोसेल. वाचवायचा तर दोन ऑपरेशनं, आत लोखंडी पट्टी, रक्त आणि दोन महिने खाट. ते आम्हाला एकट्यांना झेपणार नाही."

राहीबाई म्हणाली, "कापायचा न्हाई."

"बाई, नीट विचार करा."

"एका पायावर पाटी कशी न्यायची, तेवढं सांगा. मग कापा."

केसपेपर सिस्टर फिलोमिना भरत होत्या. त्यांनी नाव विचारलं. राहीबाईनं सांगितलं, राहीबाई सहादेव ठुबे. सिस्टर म्हणाल्या, कामावर जखम झाली असेल तर खर्च खात्याकडून येतो. हजेरी कारकुनाचं पत्र आणा, म्हणजे झालं.

पण राहीबाईच्या नावाचं पत्र मिळणार नव्हतं. कारण साधं होतं. माळवस्तीला कामावरची नावं पहिल्या आठवड्यात लिहून घेतली, मग नवीन नावं घेणं बंद झालं. तेव्हापासून ज्या घरचं नाव, त्या घरातलं कुणीही हाताशी असेल ते जायचं आणि त्या नावापुढं अंगठा द्यायचं. ठुब्यांच्या घरातलं नाव होतं राहीबाईच्या धाकट्या जावेचं, चांगुणाचं. चांगुणा बाळंत झाली. एकोणीस दिवस तिच्या नावावर राहीबाई खडी फोडत होती. कारकून राधाकृष्ण यांना हे ठाऊक होतं. अंगठा तेच धरून टेकवत.

गुरुवारी दुपारी ते स्वतः दवाखान्यात आले. पत्र लिहून आणलं होतं. त्यात नाव होतं चांगुणा गोरक्ष ठुबे.

"सिस्टरना सांग, दुखण्याच्या भरात चुकीचं नाव सांगितलं," ते म्हणाले. "त्या केसपेपर बदलतील. सगळा खर्च मिळेल."

"नाव तर नाव," सहादेव हळूच म्हणाला. "पाय तर ऱ्हाईल."

राहीबाईनं कारकुनाला विचारलं, "भाऊसाहेब, पाय मोडलेली बाई कामावर येती का?"

"नाही."

"मग चांगुणाचं नाव ऱ्हातंय का कापताय?"

"ते कापावंच लागेल."

"म्हंजी पाय माझा, नाव तिचं, अन् चूल दोघींची बंद." ती नवऱ्याकडे वळली. "अन् टेबलावर मी मेले तर कागदावर कोन मरंल? घरात तान्हं पोर घिऊन बसलीया, तिला जाळायला न्याल का?"

"असलं बोलू नको."

"कागद बोलतोय तसं. मी कुटं बोलते?"

राधाकृष्ण यांनी पत्राची घडी केली. आवाज चढवला नाही. "खरं लिहायचं तर ते एकट्या तुझ्यापुरतं राहणार नाही. तुझ्यासारख्या तीसेक जणी आहेत. त्यांचीही नावं जातील. त्यांना विचारलंस?"

"न्हाई," राहीबाई म्हणाली. "विचारते."

संध्याकाळच्या एसटीनं सहादेव माळवस्तीला गेला आणि राहीबाईशेजारी बसून खडी फोडणाऱ्या भीमाला सगळं सांगितलं.

शुक्रवारी सकाळी साडेसात वाजता हजेरी सुरू झाली. कारकुनांनी चौथं नाव पुकारलं, "साळूबाई गहिनीनाथ."

"साळूबाई घरी हाय," भीमा म्हणाली. "मी भीमा. तिची सून. लिवा."

मुकादम पुंजाराम हसला. "भीमे, कालपरेंत साळूबाई हुतीस की. रात्रीत काय झालं?"

"आत्याबाई सत्तरीच्या हायेत, मुकादम. त्यांच्या नावावर खडी फोडून मलाच म्हातारपन यायला लागलंय."

बाया हसल्या. कारकून हसले नाहीत. "नाव कापलं जाईल."

"कापा. पर भीमाचं न्हवतंच, मग कापताय कुनाचं?"

पुढचं नाव, तेच उत्तर. दुपारपर्यंत एकतीस बायांनी स्वतःची नावं सांगितली. एकीनं शेवटच्या क्षणी जुनंच नाव दिलं आणि ती खाली मान घालून खाणीत उतरली. तिला कुणी अडवलं नाही. राधाकृष्ण यांनी हजेरीपट मिटला. एकतीस जणींचा दिवस बुडाला, पण त्या घरी गेल्या नाहीत.

शाळेतले मास्तर दीना यांनी एका कागदावर ती नावं लिहिली. वर दोन ओळी: "१३ तारखेला पाय मोडला तो राहीबाई सहादेव ठुबे हिचा. आम्ही समोर होतो." खाली एकतीस अंगठे. त्याची नक्कलही केली. मूळ कागद घेऊन भीमा पारनेरला तहसील कचेरीत गेली. तिथल्या शिपायानं ठेवून जा म्हटलं. शिक्का मारलेली पोच मिळाल्याशिवाय ती उठली नाही. पोचेवर वेळ आहे चार वाजून दहा मिनिटं.

शनिवारी नक्कल दवाखान्यात पोचली. डॉ. यशया यांनी दोन्ही बाजू वाचल्या.

"हे खात्याचं पत्र नाही," ते म्हणाले.

"न्हाई," राहीबाई म्हणाली. "पर खरं हाय. भाऊसाहेबांचं खात्याचं हुतं, त्यात खोटं हुतं."

डॉक्टरांनी सिस्टरना टेबल तयार करायला सांगितलं. पहिलं ऑपरेशन दुपारी झालं. खर्चाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. दुसऱ्यासाठी लागणारी पट्टी मुंबईहून मागवावी लागते, आणि ती पैशाच्या हमीशिवाय येत नाही. हमी न आल्यास सोमवारी, २६ तारखेला, कापण्याचा विचार पुन्हा करावा लागेल, हे त्यांनी राहीबाईला सांगितलं आहे.

सोमवार, १९ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तहसील कचेरीतून खर्चाचा आदेश निघालेला नाही. माळवस्तीचा हजेरीपट चौकशीसाठी पारनेरला मागवला आहे. एकतीस जणी रोज साडेसातला कामावर जातात, आपलं नाव सांगतात आणि कडेला बसतात. आज त्यांच्यात शुक्रवारी जुनंच नाव दिलेली ती बत्तिसावी बाईही होती.