सेल जागच्या जागीच होता

मुलांनो, डोळे मिटा आणि एक लॅपटॉप मनात आणा. आजचा पातळ नव्हे. तीस वर्षांपूर्वीचा, विटेसारखा जड, मांडीवर घेतला तर पायांना मुंग्या येतील असा. त्याच्या पोटात जागा इतकी थोडी, की जास्तीचं काही साठवायचं तर कडेच्या फटीत बिस्किटाएवढं कार्ड सरकवायचं. कार्डात नाण्यासारखा एक सेल. यंत्र बंद असलं की कार्डातलं सगळं तोच सांभाळतो.

अशी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मामाकडे त्याची भाची राहायला आली होती. सतत इकडून तिकडे, म्हणून मामा तिला खारूताई म्हणे. दुकानात नियम एकच : वस्तू जिथून काढली तिथेच ठेवायची. तो तिने कधी मोडला नव्हता.

कालही नाही. तिच्या गळ्यातल्या छोट्या टॉर्चचा सेल संपला होता आणि टेबलावरच्या कार्डातला नेमका त्याच मापाचा. तिने तो काढला, टॉर्चमध्ये घालून दोनदा भिंतीवर उजेड पाडला आणि पुन्हा जागच्या जागी बसवला. कुणाचं काय बिघडलं?

आज कार्डाच्या मालकीणबाई आल्या. नदीकाठच्या पक्ष्यांच्या नऊ वर्षांच्या नोंदी त्यात होत्या. मोठं कार्ड आजच आलं होतं. सगळं त्यात उतरवायचं होतं.

मामाने जुनं कार्ड सरकवलं. पडद्यावर एकच ओळ आली : कार्ड रिकामे आहे.

"घाबरवू नका हो, दादा," बाई हसल्या. मामा हसला नाही. त्याने कार्ड काढून फुंकर मारली, पुन्हा घातलं. तीच ओळ.

"कागदावर काही उतरवलंय का, बाई?"

"कागद भिजतात म्हणून तर हे यंत्र घेतलं!"

मामाने मान खाली घातली. "चूक माझी आहे. सेल संपला असणार. तुम्ही कार्ड ठेवून गेलात त्याच दिवशी बदलायला हवा होता. म्हटलं, दोन दिवसांनी काय होतंय! आणि बदलायचा तोही कार्ड चालू यंत्रात असताना. नाहीतर क्षणभर निघाला तरी सगळं पुसलं जातं."

क्षणभर! खारूताईचा हात गळ्यातल्या टॉर्चकडे गेला.

"काय गं, एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो. बाईंना पाणी दे."

तिने पाणी आणलं. पेला पुढे केला. बाईंनी तो घेतलाच नाही.

"तुमच्या भरवशावर ठेवलं होतं मी," त्या हळूच म्हणाल्या आणि पिशवी उचलून उठल्या. मामाचे कान लाल झाले होते, बोलणी खाल्लेल्या पोरासारखे.

गप्प राहिली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं. सेल तर जागच्या जागी होता.

तिने पेला खाली ठेवला. फटीतून कार्ड ओढलं, सेल काढला, गळ्यातल्या टॉर्चमध्ये घातला आणि बटण दाबलं. मामाच्या शर्टावर लख्ख उजेड पडला.

"संपलेला नाही, मामा," ती म्हणाली. "काल मी काढला होता."